गडग्यापलीकडली लंका

"आलीस होय गो? मला वाटलं, रावणाने ठेवूनच घेतलंन तुला."

काकूंचं डोकं गडग्यावर उगवलं तेव्हा मी मागीलदारी चादरी वाळत घालत होते. त्यांच्या आणि आमच्या आगराच्या मधे जांभ्या चिऱ्यांचा हा गडगा आहे. कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली, म्हणजे बोलायला अगदी बेताचा. वरच्या दोन चिऱ्यांना काकूंच्या कोपरांनी खळगे पडलेत, असं आमचे हे म्हणतात.

"परवा रात्री आलो काकू. कोलंबोहून मुंबईला यायला अडीच तास लागले आणि मुंबईहून रत्नागिरीला साडेदहा."

"रस्ता झाला नाही अजून?"

"निघालो तेव्हा झाला नव्हता. नऊ दिवसांत काय होणार?"

"बरं, अशोकवन पाहिलंस का?"

"नाही हो. ते वर डोंगरात, नुवारा एलियाच्या अंगाला. आम्ही डोंगर चढलोच नाही. कोलंबोहून समुद्र धरून खाली खाली गेलो, लंकेच्या टोकापर्यंत."

"समुद्र?" काकूंनी हातातली निवडायची भाजी चिऱ्यावर ठेवली. "रत्नागिरीतून उठून समुद्र बघायला लंकेला गेलीस? आणि भाट्याचा काय आटलाय?"

हा प्रश्न येणार हे मला जातानाच ठाऊक होतं. उत्तर मात्र अजून तयार नव्हतं. म्हणून मी एक चिमटा चादरीला लावला आणि रस्त्यापासून सुरुवात केली.

"तिथे दोन रस्ते आहेत काकू. एक नवा, 2011 साली गॉलपर्यंत सुरू झाला, आता पार हंबनटोटाकडे जातो. ताशी शंभरने गाडी हाणायची. पण तो आतून, समुद्र सोडून. भातखाचरं, रबराची झाडं आणि टोलनाके. दुसरा जुना गॉल रोड. त्याच्या एका अंगाला दुकानं, दुसऱ्या अंगाला आगगाडीचे रूळ, आणि रुळांच्या पलीकडे थेट लाटा. गॉलपर्यंत एकशेवीस किलोमीटरही भरत नाहीत, पण साडेतीन तास घेतो."

"आणि तुझ्या नवऱ्याने जुना धरलान."

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्याचा बापूस एस.टी. सुरू झाल्यावरसुद्धा मुंबईला बोटीनेच जायचा."

आमची गाडी म्हणजे लाल सरकारी बस. रंग एस.टी.चा, आवाज एस.टी.चा, पत्रा एस.टी.चा. फक्त अंगावरचं वाचता येत नाही. सिंहली अक्षरं म्हणजे जिलब्या. शेजारी बसलेल्या एका मास्तरीणबाईंना इंग्रजी येत होतं. त्यांना मी विचारलं, हे बाहेर काय लिहिलंय? त्या म्हणाल्या, श्रीलंका गमनागमन मंडलय.

"काय, काय?"

"गमनागमन मंडळ."

काकूंनी शब्द तोंडात घोळवून बघितला. "परिवहनापेक्षा बरा आहे. जायचं आणि परत यायचं, दोन्ही सांगितलंन. आपल्याकडे नुसतं वाहून नेतात."

"पण पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. गाडीत चढलो तर गर्दी, आणि पुढची दोघांची जागा नेमकी रिकामी. मी म्हटलं, वा, आणि बसलो. वर पाटी होती, पण ती जिलब्यांत. पानदुऱ्याला एक भिक्खू चढले, भगवं चीवर, हातात छत्री. कंडक्टर माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला. मी हसले. तो पुन्हा म्हणाला. मी पुन्हा हसले. शेवटी मास्तरीणबाई मागून म्हणाल्या, ती जागा पूज्य पक्षाची आहे."

"कुठला पक्ष?"

"राजकारणातला नव्हे हो. पूज्य पक्ष म्हणजे भिक्खू लोक. प्रत्येक बसमध्ये त्यांची राखीव जागा असते. आणि बाईमाणसाने त्यांच्या शेजारी बसायचं नाही. मी उठले. हे बसून राहिले, भिक्खूंच्या मांडीला मांडी लावून. ह्यांना पुण्य, मला दांडा."

काकू मनसोक्त हसल्या. त्यांना ह्यांच्या पुण्याबद्दल पहिल्यापासून शंका आहे.

"पण एक बघितलं काकू. मी उभी राहिले तशी मास्तरीणबाईंनी माझ्या खांद्यावरची पिशवी ओढून आपल्या मांडीवर घेतली. विचारलं नाही, काही नाही. नंतर बघितलं तर सगळेच तसं करतात. बसलेल्याच्या मांडीवर उभ्या माणसांच्या तीन-तीन पिशव्या."

"आणि चोरी?"

"माझी तर गेली नाही. उतरताना फक्त पळापळ. बस थांबते म्हणायची, पण पूर्ण थांबत नाही, जरा विचारात पडल्यासारखी हळू होते. तेवढ्यात उतरायचं. आणि उतरणारा ओरडतो, मम बहिनवा!"

"कुणाची बहीण?"

"कुणाचीच नाही. 'मम' म्हणजे मी, 'बहिनवा' म्हणजे उतरतोय. पहिले दोन दिवस मला वाटायचं, प्रत्येक थांब्यावर ह्यांच्या मामाची बहीण राहते. मग कंडक्टर म्हणतो, हरी हरी."

"हरी हरी?"

"म्हणजे ठीक आहे, चला. दिवसभर चालू असतं. रिक्षावाला, हॉटेलवाला, पोलीस, सगळे हरी हरी. आणि आभार मानायचे तर 'इस्तुती'. म्हणजे आपली स्तुतीच."

काकूंना हे फार आवडलं. त्या देवघरासमोर बसून दिवसभरात जितक्या वेळा हरी म्हणत नसतील तितक्या वेळा तिथला कंडक्टर पानदुरा ते कलुतरा म्हणतो, हे मी सांगितलं नाही.

कलुतऱ्याला काळू गंगेवरचा पूल आहे आणि पुलापाशी बोधिवृक्ष. आमची बस तिथे हळू झाली, कंडक्टर उडी मारून उतरला, पेटीत नाणी टाकलीन, हात जोडलेन आणि चालत्या गाडीत परत. पुढची मोटार तशीच थांबली, मागचा ट्रकही. खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबापुढे नाणी टाकतात तसंच. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पुढच्या वळणावर त्याच ड्रायव्हरने दोन रिक्षा आणि एक टँकर यांच्या मधून जी बस घातली, ती बघून पेटीत टाकलेलं कमीच होतं असं वाटलं.

"रिक्षा कसल्या असतात?"

"बजाजच्या. आपल्याच. निळ्या, लाल, हिरव्या, आतून देवघरासारख्या सजवलेल्या. ह्यांनी पुण्याचं नाव घेतल्याबरोबर एका रिक्षावाल्याने हँडलवर थाप मारून दाखवली, जणू आम्ही माहेरचे. तो सांगत होता, 2022 साली तिथे पेट्रोलच मिळेना. दोन दोन रात्री पंपाच्या रांगेत रिक्षातच झोपायचा. बायको डबा घेऊन यायची. मग सरकारने मोबाईलवर कोड दिला, आठवड्याला ठरलेलं पेट्रोल. तो कोड अजून त्याच्या काचेला चिकटवलेला होता. मी विचारलं, आता कशाला? म्हणाला, असू दे."

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "मी अजून रेशनकार्ड गादीखाली ठेवते."

मग मी माडांवर आले, कारण मला माहीत होतं की काकूंना खरा रस तिथे. वाद्दुवा-कलुतऱ्याच्या पट्ट्यात माडी काढायच्या माडांना वरच्या वर दोर बांधलेले असतात. शेंड्याला शेंडा जोडलेला. एक पायाखाली, एक हाताला धरायला. माणूस सकाळी एका माडावर चढतो आणि मग त्या दोरांवरून चालत चालत माडामाडाला जातो. गळ्यातलं मडकं भरलं की दोरीने खाली सोडतो. खाली माणूस उभा.

"उतरतच नाही?"

"काम संपेपर्यंत नाही. आपल्याकडे भंडारी प्रत्येक माड चढतो-उतरतो, तसं नाही."

"आणि दोर कसला?"

"सुंभाचा. काथ्याचाच."

काकूंनी आपल्या आगरातल्या माडांकडे एक नजर टाकली, दोन माडांमधलं अंतर मनात मोजल्यासारखी. "दोर पिचला म्हणजे?"

"तेच मी विचारलं. आमचा रिक्षावाला म्हणाला, दोर ज्याचा तोच तपासतो."

"खायला काय मिळालं तुम्हाला? हा तर मासे शिवत नाही."

आता यावर मी आधी थोडं थांबले, कारण ही गोष्ट ह्यांनी कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलं होतं. गडग्यावर मात्र ती मर्यादा लागू नाही.

तिथे सकाळी आपली शिरवाळी खातात, काकू. इंदिआप्प म्हणतात. नारळाच्या दुधाबरोबरच खातात, पण तिखट पातळ रश्श्यात, गूळ घालून नाही. आणि आप्पा म्हणजे छोट्या कढईत केलेलं वाटीसारखं घावन, कडेला जाळीदार, मधे मऊ. बरोबर पोल सांबोल. पोल म्हणजे नारळ. ओल्या नारळाचा चव, लाल मिरची, लिंबू, कांदा, पाट्यावर वाटलेला. ह्यांना ते इतकं आवडलं की तीन दिवस बोटं चाटून खाल्लं. रोज म्हणायचे, हे खमंग कशामुळे लागतं, तू घरी करून बघ. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन तिथल्या बाईला विचारलं. तिने डबा काढून दाखवला. लाकडाच्या ढलप्यांसारखे तुकडे. उंबलकड. सुकवलेला टुना, कुटून घालतात.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "मग? सांगितलंस?"

"चौथ्या दिवशीचं खाऊन झाल्यावर सांगितलं."

"आणि?"

"दोन तास बोलले नाहीत. पाचव्या दिवशी न घातलेलं मागितलं. म्हणाले, मजा नाही."

पावाचा प्रकारही तसाच. संध्याकाळी गल्लीत एक रिक्षा येते, मागे काचेचं कपाट, आणि भोंग्यावर एकच सूर. हे लगेच म्हणाले, अरे, हा तर बीथोव्हेन! बीथोव्हेनच्या सुरावर पाव विकतात तिथे. गाडीचं नावच 'चून पाण'. चून म्हणजे सूर, इंग्रजीतला ट्यून. आणि पाण म्हणजे पाव. पोर्तुगीज तिथेही आले होते ना, तोच शब्द. साबण, अननस, मेज हेही त्यांच्याकडे थोड्याफार फरकाने तेच. त्यातला साखर लावलेला लांबोळका पाव असतो, त्याला म्हणतात किंबुला बनीस. किंबुला म्हणजे मगर.

"मगरीचा आकार?"

"मला तर दुधीचा वाटला. पण चहात बुडवून छान लागतो. आणि त्रिकोणी असतो तो 'मालू पाण'. ह्यांनी हौसेने उचलला होता, मी हातातून काढून घेतला. मालू म्हणजे मासा. हा शब्द मी पहिल्या दिवशीच पाठ केला होता, फक्त सांबोलच्या बाबतीत उपयोगी पडला नाही."

चहाच्या हॉटेलात बसलं की न मागता एक ताट समोर आणून ठेवतात, रोल, वडे, कटलेट, पाव, असे दहा-बारा जिन्नस रचून. आम्ही पहिल्यांदा घाबरलो, एवढं कुणी मागवलं? पण तुम्ही जेवढं खाल तेवढंच मोजतात. बाकीचं ताट उचलून शेजारच्या टेबलावर.

"ई! म्हणजे आधी कुणी हाताळलेलं?"

"मी ते विचारायचं टाळलं."

कोसगोड्याला कासवं पाहिली, ती पाच मिनिटांत उरकली. टाक्यांत पिल्लं ठेवलेली, तिकीट काढून बघायची. आपल्या वेळासला पिल्लं घरट्यातून निघाली की सरळ समुद्राकडे सोडतात, ते बघितलेल्या माणसाला टाकी रुचत नाही. अंबलांगोड्याला लाकडी मुखवटे करतात. त्यांत अठरा रोगांचे अठरा मुखवटे, एक बहिरेपणाचा, एक आंधळेपणाचा, एक वातभ्रमाचा. काकूंनी विचारलं, गुडघेदुखीचा आहे का? मी म्हटलं, दिसला नाही.

त्याच्या पुढे पेरालिया लागतं.

"तिथे काय?"

मी उरलेली चादर दांडीवर टाकली. "2004 सालची सुनामी आठवते ना काकू? 26 डिसेंबर. रविवार होता आणि पौर्णिमा. पौर्णिमेला तिथे सुट्टी असते, पोया म्हणतात. आदल्या दिवशी नाताळ. म्हणून कोलंबोहून खाली येणारी गाडी खच्चून भरलेली. पेरालियाला पहिली लाट आली तेव्हा गाडी उभी राहिली. गावातल्या लोकांना वाटलं, एवढी लोखंडाची जड गाडी, हिच्यात चढू. मुलांना वर दिलं. काही टपावर चढले. मग दुसरी लाट आली."

काकू काही बोलल्या नाहीत.

"सतराशेच्या वर माणसं गेली, त्या एका गाडीत. आता तिथे बुद्धाची भली उंच मूर्ती उभी आहे, तोंड समुद्राकडे. जवळच एका घरात फोटो लावून ठेवलेत. एका फोटोत डबा आहे, उलटा, माडांच्या मधे अडकलेला, आणि माड तसेच उभे."

"रूळ किती लांब समुद्रापासून?"

"दोनशे मीटर. तुमच्या विहिरीपासून बाहेरच्या पाणंदीच्या टोकापर्यंत."

काकूंनी मागे वळून विहीर पाहिली, मग पाणंद. "गाडीचं नाव काय होतं?"

"समुद्रदेवी."

बराच वेळ त्या चिऱ्यावरच्या भाजीची पानं नुसतीच इकडची तिकडे करत होत्या. मग म्हणाल्या, "पौर्णिमेला. आपण पौर्णिमेला नारळ देतो."

पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी चिमट्यांची टोपली उचलली, पण काकूंनी हाताने थांब म्हटलं.

"पुढे?"

पुढे गॉल. जुना किल्ला आहे, पोर्तुगीजांनी सुरुवात केली, डचांनी वाढवला. आत गल्ल्या, कौलारू घरं, पडव्या. तटावर उभं राहिलं की खाली क्रिकेटचं मैदान दिसतं, फुकट. ह्यांनी तिथे एक तास काढला. सामना नव्हता. मुरलीधरनने 2010 साली आठशेवी विकेट इथेच घेतली आणि ती आपल्या ओझाची, हे त्यांनी मला सांगितलं, मग एका नारळवाल्याला सांगितलं, त्याला ते जास्त माहीत होतं. त्या नारळवाल्याकडची शहाळी केशरी रंगाची असतात, थॅम्बिली. पाणी आपल्यापेक्षा जरा गोड.

"आपल्यापेक्षा?"

"जरा, म्हटलं ना."

कोग्गल्याच्या बाजूला समुद्रात खांब रोवून त्यावर बसून गळ टाकणारे कोळी आहेत ना, कॅलेंडरवर असतात ते, तेही पाहिले. फोटो काढला तर एकाने खाली उतरून पैसे मागितले. मी विचारलं, मासे मिळाले का? त्याने हसून पिशवी दाखवली, रिकामी. तिघांनी मिळून सकाळपासून एकही धरला नव्हता, आणि चौथी परदेशी टोळी येत होती. मासे फोटोंपेक्षा स्वस्त पडत असणार.

मग वेलिगामा. वेली म्हणजे वाळू, गाम म्हणजे गाव. वाळूचं गाव. ही नावं ऐकून मला आपल्याच सागरी महामार्गाने चालल्यासारखं वाटायचं, आणि तेवढ्यात मधेच कुठेतरी घंटेच्या आकाराचा पांढरा स्तूप दिसायचा, की पुन्हा परदेश.

टोकाला देविनुवरा. देवनगर. तिथे विष्णूचं देऊळ आहे. जुनं पोर्तुगीजांनी 1588 साली पाडलं, पुन्हा उभं केलं. आणि दीपगृह, 1890 सालचं, 49 मीटर उंच. त्याच्या खाली खडकावर उभं राहिलं की समोर दक्षिणेला जमीनच नाही, थेट अंटार्क्टिका.

"मग काय केलंत?"

"चहा प्यायलो."

"आणि परत?"

"परत. गमनागमन."

काकू हसल्या, पण त्यांची नजर मघापासून न्हाणीच्या धोंडीवर होती. "ते सगळं राहू दे. ते मडकं कसलं?"

ते मी भिजत घातलं होतं. लाल मातीचं, पसरट, काठाला काळपट. मातरा सोडलं की रस्त्याकडेला टपऱ्याच टपऱ्या, आणि बांबूवर अशी मडकी टांगलेली, काथ्याच्या शिंकाळ्यात, ओळीने. म्हशीचं दही. इतकं घट्ट की मडकं उपडं केलं तरी हलत नाही. त्याच्यावर काकवीसारखा एक पाक ओततात, काळा, पण उसाचा नाही. जरासा धुरकट वास, जरासा कडसर. आम्ही रस्त्यात उभं राहून एक मडकं संपवलं, बाजूने गाड्या भोंगे वाजवत चालल्या होत्या. दही संपल्यावर टपरीवाली मडकं फेकून देणार होती, मी मागून घेतलं. विमानात मांडीवर आणलं. विमानतळावर साहेबाने पिशवी उघडून बघितलं, आत नाक घातलं आणि मला जाऊ दिलं.

"पाक कसला म्हणालीस?"

"कितुल. माडच असतो तो, पण नारळाचा नाही. त्याच्या पोयीला छेद देऊन रस काढतात आणि आटवतात. त्याचा गूळही करतात. मला आधी कळेना कुठला माड. मग टपरीच्या मागे एक उभा होता, तो बघितला. पानं माशाच्या शेपटीसारखी, फळांचे घोस लोंबलेले." मी काकूंच्या आगरात बोट दाखवलं. "तो."

"कुठला?"

"विहिरीमागचा. तुमचा भेर्लीमाड."

काकू सावकाश वळल्या. विहिरीमागे तो होता, कधीचा, घोस सोडून, कावळ्यांनी भरलेला. लग्नकार्यात मांडवाला पानं लागली की गावातली मुलं येऊन ती तोडून नेतात, एवढाच त्याचा उपयोग मी बारा वर्षांत पाहिला होता.

"ह्याचा गूळ?"

"आणि पाक. तिथे बाटलीला चांगले पैसे पडतात. त्यांचे साडेतीन रुपये म्हणजे आपला साधारण एक, पण तरीही."

"माझ्या सासऱ्यांनी लावलान तो," काकू म्हणाल्या. "मी दोनदा तोडायला काढला होता. कचरा फार करतो मेला." त्यांनी डोक्यावर हात धरून उन्हात शेंड्यापर्यंत पाहिलं. मग गडग्यावरून हात पुढे केला. "ते मडकं दे इकडे. विरजण लावते. आणि तुझ्या नवऱ्याला विचार, रस काढताना पोयीला छेद वरून देतात की आडवा. तो उभा राहून बघितला असेलच त्याने तासभर."